‘वहिनींना उभं करा, कारभार तू बघ’

पत्र:

ताई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय ३३, डी.एड. झालंय, नोकरी नाही, घरी शिकवण्या घेते. आम्ही मराठा. गावठाणात आमची घरं जास्त, आणि दीड किलोमीटरवर वंजारी वस्ती. आमचा बारा जणींचा बचत गट आहे, दोन्हीकडच्या बायका मिळून, मी सचिव. २०२४ च्या लोकसभेनंतर सगळं फिसकटलं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे दोन ग्रुप झाले. वस्तीवरची माणसं माझ्या दिरांच्या दुकानातून खत घेईनात, आमच्या माणसांनी त्यांच्या हॉटेलात चहा बंद केला. गटाच्या बैठकीला पाच जणी येत नाहीत. त्यात माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. ती दरवर्षी नवऱ्यासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायची, तेव्हा तिची मुलगी झोपायला आजीकडे आणि जेवणाला-अभ्यासाला माझ्याकडे असायची. दोन हंगाम झाले, पोर दारात आलेली नाही.

आता सरपंचपदाची सोडत सर्वसाधारण महिला अशी निघालीय. नवऱ्याचे मित्र म्हणतात, ‘जुने पुढारी दोन्हीकडचे बदनाम झालेत, गावाला नवं नेतृत्व पाहिजे. वहिनींना उभं करा, कारभार तू बघ.’ सासूबाई म्हणतात, मस्साजोगला काय झालं ते विसरलात का. मला उभं राहावंसं वाटतं. पण कुणाची म्हणून उभी राहू? आणि मैत्रिणीला काय तोंड दाखवू?

— एक वाचक

उत्तर:

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा निवडणुकीवर न अडखळता ‘पोर दारात आलेली नाही’ या चार शब्दांवर अडखळले. तिकडे येतेच मी. पण आधी ते ‘कारभार तू बघ’ निस्तरू.

पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी सगळी नोकरी मराठवाड्यातच झाली. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, तेव्हा मी नवीन होते. एका गावात दप्तर तपासायला गेले, तर सरपंचबाई शेतात आणि शिक्का नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात. विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, सही तीच करते की! मी फक्त शिक्का सांभाळतो.’ सगळे हसले, मीही हसले. साडेतीन वर्षांनी लेखापरीक्षणात घोळ निघाला आणि वसुलीची नोटीस आली ती बाईच्या नावानं. नवऱ्यानं ‘मला काही माहीत नाही’ म्हणून हात वर केले, आणि कायद्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं. बाईनं पाटल्या मोडल्या. मी तेव्हा हसायला नको होतं.

तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या मित्रांना सरळ विचार, धनादेशावर सही कुणाची? गैरवर्तनाबद्दल कलम ३९ खाली चौकशी लागली तर पद कुणाचं जाणार? महिला सरपंचाच्या कारभारात नातेवाइकांनी लुडबुड करू नये, असे शासनाचे आदेशही आहेत. ते कितपत पाळले जातात हे आपण दोघीही जाणतो. नवरा मदत करेल, करूच दे. तालुक्याला गाडीवर सोडेल, फाइल शोधेल, पोरं सांभाळेल. पण त्याच्यासाठी तू उभी राहणार असशील, तर गावाला मिळालेलं नेतृत्व जुनंच, फक्त त्याला पदर आलेला. २०११ पासून तर निम्म्या जागा बायकांच्या आहेत. एवढ्या वर्षांनी तरी शिक्का आपल्या पर्समध्ये ठेवू.

आता गाव फुटलं त्याविषयी. आरक्षणाच्या वादात कोण बरोबर हे मी सांगणार नाही, तू विचारलंही नाहीस. पण हे भांडण मुंबईतून निघून तुमच्या पारावर कसं येऊन बसलं, ते समजून घेतल्याशिवाय उभी राहू नकोस. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीला लाठीमार झाला, मनोज जरांगेंचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, कुणबी नोंदी शोधायला समिती बसली. पुढच्या जूनमध्ये हाकेच्या अंतरावर वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसी आरक्षण वाचवायला उपोषणाला बसले. लोकसभेला वंजारी समाजातल्या पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी पडल्या, आणि एवढ्याशा फरकानं हरण्या-जिंकण्यात प्रत्येक गावाला वाटायला लागलं की आपल्याच चार माणसांनी दगा दिला किंवा आपल्याच चार माणसांनी बाजी मारली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटमधल्या जुन्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय निघाला. नोकरी-शिक्षणातली टक्केवारी तर आहेच. पण वस्तीवरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो पंचायतीमुळे. नोकरीच्या आरक्षणात वंजारी भटक्या जमातीत, त्यांचे दोन टक्के वेगळे. पंचायतीत मात्र ओबीसी आणि भटके एकाच नागरिकांच्या मागास प्रवर्गात. कुणबी दाखला घेतलेला मराठा त्याच राखीव जागेवर अर्ज भरू शकतो. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात अशा जागा असून असून किती? दोन. तुमच्या घरी जो दाखला म्हणजे पोराच्या फीची सोय, तोच वस्तीवर म्हणजे पंचायतीतली आपली खुर्ची गेली. दोन्ही घरांतली काळजी खरी आहे. हे तुझ्या पॅनलच्या बैठकीत मोठ्यानं बोलता येईल का तुला? येत असेल तर पुढचं वाच.

बीड पहिल्यापासून असंच, असं कुणी म्हणालं तर मानू नकोस. याच जिल्ह्यानं १९६७ ला साताऱ्याहून आलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं, लाल बावट्यावर. १९७७ ला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. १९८० आणि १९८४ ला केशरकाकू क्षीरसागर, तेली समाजातली बाई. तेव्हा जात नव्हती असं नाही, चांगली घट्ट होती. पण तिच्यावर आणखी तीन-चार दोऱ्यांचे आडवे टाके होते: पक्ष, शेतकऱ्याचा प्रश्न, कारखान्याचं राजकारण, कुणाचा तरी सहवास. पक्षाच्या बैठकीला मराठा आणि वंजारी एका सतरंजीवर बसायचे, कारण दोघांचा विरोधक तिसराच असायचा. मग २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. कालचा शत्रू आज व्यासपीठावर, आजचा साहेब उद्या गद्दार. सामान्य कार्यकर्त्यानं निष्ठा ठेवायची कुठे? पक्षाचा टाका उसवला, आणि हाताशी उरली ती जात. हे माझं मत. तुला पटायलाच हवं असं नाही.

मला आठवतंय ते १९७८. मी सोळा वर्षांची होते. २७ जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. आमच्या गावात घर जळलं नाही, पण वस्तीवरच्या लोकांचं किराणा-पीठ बंद झालं. त्या वेळी दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. एका बाजूच्या हातात गिरणी, विहीर, दुकान होतं, आणि दुसरीच्या हातात काही नव्हतं. ‘दोन्ही समाजांनी समजुतीनं घ्यावं’ असं तेव्हाही सांगितलं जायचं, आणि समजूत कायम एकाच बाजूला घ्यावी लागायची. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं! मधल्या काळात आमच्या गावातली काही घरं शहरात गेली ती परत आलीच नाहीत. हे सांगायचं कारण एवढंच, की तुमच्या गावात खत कुणाच्या दुकानात मिळतं आणि ऊसतोडीची आगाऊ उचल कुणाकडून मिळते, याचा हिशोब आधी मांड. बहिष्काराचा चटका दोन्हीकडे सारखा बसत नाही. तुझ्या दिरांचं गिऱ्हाईक तुटलं, पण हॉटेलवाल्याची चूलच त्या चहावर असेल.

आता ‘कुणाची म्हणून उभी राहू?’

या प्रश्नाला लोक दोन सोपी उत्तरं देतील. पहिलं: तू तटस्थ राहा, कुणाचीच नको. हे ऐकू नकोस. मराठा आरक्षणाबद्दल तुझं मत असेलच, ते लपवलंस तर दोन्हीकडचे तुला लबाड समजतील आणि त्यांचं बरोबर असेल. विचारलं तर सांग, ‘माझं मत अमुक आहे, तो प्रश्न मुंबई-दिल्लीत सुटेल. पाइपलाइन वस्तीपर्यंत न्यायची की नाही हे इथं सुटेल, आणि तिथं मी जात बघणार नाही.’ मत असलेला माणूस चालतो गं लोकांना. फासा टाकताना हात मुडपणारा चालत नाही.

दुसरं उत्तर: बिनविरोध करून टाका. ऐकायला किती गोड! सगळे जण हिवरे बाजारचं नाव घेतील. १९८९ ला गावातल्या तरुणांनी पोपटराव पवारांना गळ घालून सरपंच केलं, ते बिनविरोध, आणि पुढं गावानं जे केलं ते सगळ्या देशानं पाहिलं. खरं आहे. पण त्याच गावात २०२१ च्या जानेवारीत तीस वर्षांनी मतदान झालंच, पोपटरावांचं पॅनल निवडून आलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याला भास्करराव पेरे पाटलांनी एवढं काम केलं, तिथं त्याच निवडणुकीत त्यांची मुलगी पडली. आणि बिनविरोधची दुसरी बाजू बघ: त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथं पदांचे चक्क लिलाव झाल्याचं उघड झालं, आणि राज्य निवडणूक आयोगाला दोन्हीकडची निवडणूक रद्द करावी लागली. फुटलेल्या गावात बिनविरोध याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की जास्त घरं असलेल्यांनी मारुतीच्या देवळात बसून ठरवलं आणि वस्तीला निरोप धाडला. वस्तीवरच्या बाईला तुझ्याविरुद्ध मत देण्याची संधी मिळू दे. तशी ती मिळाली आणि तरी तू निवडून आलीस, तर ती तुझ्याकडे भांडायला येईल. न मिळाली तर येणारच नाही.

पॅनलचं म्हणशील, तर एकच अट घाल. वस्तीवरची नावं वस्तीनं सुचवायची. तुमच्या बाजूनं एखादा ‘आपला वंजारी’ शोधून आणायचा आणि फोटोत मधे उभा करायचा, हा धंदा नको. लोक बरोबर ओळखतात. सरपंच थेट जनतेतून आहे, त्यामुळे सरपंच एका पॅनलची आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं असं होऊ शकतं. मग पाच वर्षं प्रत्येक ठरावाला नाक घासावं लागतं. तेव्हा समोरच्यांशी आत्तापासून बोलणं ठेव, निकालानंतर लागणारच आहे. गावच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, ही त्यातल्या त्यात सोय समज. आमदाराचा फोन येईल, ‘आमच्या पॅनलमधून लढा’ म्हणून. गोड बोल आणि ठेवून दे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुमच्या गावातली कोयत्यावर जाणारी माणसं दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात, बरोबर? गावाचा विकास आराखडा कधी होतो? २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मंजुऱ्या होतात तेव्हा अर्धी वस्ती पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या फडात थंडीत मोळ्या बांधत असते. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल ते लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरजच नाही. मग वीस टाळकी बसून वर्षाचं ठरवतात. नोकरीत असताना असली कितीतरी प्रोसिडिंग मी तपासली. कागद चोख असायचा. पण ज्यांच्या वस्तीवर नळ नाही ती माणसं त्या कागदावर कधीच नसायची. गाव फुटायला २०२४ उजाडावं लागलं हे खरं, पण ही फट जुनी आहे, आणि ती कुठल्या जातीच्या नेत्यानं पाडलेली नाही. कॅलेंडरनं पाडलीय. कोयत्यावर मराठेही जातात, दलित जातात, पारधी जातात. तेही त्या कागदावर नसतात.

म्हणून निवडणुकीची वाट बघू नकोस. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला सगळे गावात असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानंच सांगितलंय; बहुतेक गावांत ती सह्यांपुरती होते. ती खरी घ्यायला लाव आणि एकच विषय मांड: हंगामी वसतिगृह. ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी सहा महिने जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते, पोरं रात्री आजी-आजोबांकडे झोपतात आणि शिक्षण तुटत नाही. तुझ्या मैत्रिणीच्या मुलीसाठी तू तुझ्या ओट्यावर जे चालवत होतीस ना, तीच योजना सरकारी आहे. माझ्या काळात गावोगाव एकच रड होती: प्रस्ताव उशिरा जातो, टोळ्या निघून जातात, पोरं फडावर पोचतात आणि मग वसतिगृह सुरू होतं. याद्या ऑगस्टमध्येच करा. यादी करायला घरोघर जावं लागेल. वस्तीवर तुला एकटीला जायला अवघड वाटेल, गटातल्या उरलेल्या सहा जणींपैकी दोघींना घे. त्या घरी ‘समाज’ हा शब्दच काढायची गरज नाही. पोराचं नाव, इयत्ता, आजी सांभाळणार की मावशी, एवढंच विचारायचं असतं. लोक पहिल्यांदा संशयानं बघतील. ‘निवडणूक आली वाटतं’ म्हणतील. म्हणू दे, आलीच आहे की.

सासूबाईंचं ऐकून घे, हसण्यावारी नेऊ नकोस. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ज्या बाईला मुलगा-सून आहे तिला ते आठवणारच. भीतीवर मी धैर्याचं भाषण देणार नाही. नोकरीत शिकलेलं सांगते: एकटीनं कधी काही अडवू नको आणि एकटीनं कधी काही मंजूर करू नको. ठेकेदार असो, वाळूवाला असो, ‘ग्रामसभेत ठेवते’ हे वाक्य पाठ कर. सभेचं चित्रीकरण कर. दमदाटीचा फोन आला तर त्याच दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि ठाण्यात लेखी दे, पोच घे. पोच नसलेला अर्ज म्हणजे कागदाचा तुकडा. आणि घरातल्या कुणाला यातलं काही लपवू नको.

अर्ज भरायचं ठरलंच तर किरकोळ गोष्टींवर पडू नकोस: घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भर, शौचालय वापराचा दाखला आत्ताच काढ, निकालानंतर खर्चाचा हिशोब मुदतीत दे. चांगल्या चांगल्या बायका या तिसऱ्यावर अपात्र झालेल्या मी पाहिल्यात. एकीचा खर्च होता साडेचार हजार, तोच मांडायचा राहिला!

राहिली मैत्रीण. तू लिहितेस, ‘काय तोंड दाखवू?’ तू काही केलं नाहीस, असं मनातून तुला वाटतंय. मलाही तसंच वाटत होतं, १९७८ ला. गिरणीवाल्यानं आमच्या वर्गातल्या मुलीचं दळण परत पाठवलं तेव्हा मी तिथंच रांगेत उभी होते. माझं पीठ घेतलं आणि घरी आले. दुकान तुझ्या दिरांचं आहे, तुझं नाही. पण हॉटेलातला चहा बंद झाला तेव्हा तुझ्या घरातलं कुणी जाऊन एक कप प्यायलं का? नसेल, तर तिच्या मनात काय असेल ते तुला माझ्याकडून ऐकायला नको.

तिला पॅनलबद्दल विचारायला जाऊ नकोस. मत मागायला तर अजिबात नको. तिच्या अंतर्गत कर्जाचे हप्ते राहिलेत का ते गटाच्या वहीत बघून जा. राहिले असतील तर त्याचा विषय काढू नको, नसतील तर तसं सांग. मुलगी आता कितवीत गेली ते विचार. यंदा तिला कुठं ठेवणार आहेस, ते विचार. ती म्हणेल ‘बघू’. दारातच उभी करेल, पाणी विचारणार नाही, असंही होईल. मग परत जा, आठवड्यानं.

नवऱ्याला आणि त्याच्या मित्रांना उत्तर द्यायला पंधरा दिवस माग. त्या पंधरा दिवसांत वस्तीवरच्या तीसेक पोरांची नावं तुझ्या वहीत आली, तर अर्ज भर, आणि शिक्का कुणाकडे राहील ते त्याच बैठकीत सांगून टाक. नाही आली, तर या वेळी सदस्य म्हणून उभी राहा किंवा राहूही नको. यादी मात्र पुरी कर. आणि मैत्रिणीकडे जायला उशीर करू नकोस. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर येईल, मग तिच्या दाराला कुलूप असेल.